धुतलेल्या राखेचा रंग

अक्का,

तुझं पुण्यानुमोदन झालं त्याला आज तेरा दिवस झाले. भंतेजींनी घरच्यांपैकी कुणी तरी दोन शब्द बोला म्हटलं, तेव्हा मी उठले नाही. लोकांना वाटलं, धाकटी बहीण आहे, दुःखात आहे, तिला बोलवणार नाही. तसं नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते मंडपातल्या माणसांसमोर बोलण्यासारखं नव्हतं. तुझ्याशीच बोलायचं होतं, आणि तू समोर हार घालून फोटोत बसली होतीस. म्हणून आता लिहिते आहे. पुस्तकी मराठीत लिहिते आहे म्हणून हसशील. पंधरा वर्षं शहरात काढली. लिहायला बसले की हीच भाषा येते.

माझ्या नोकरीबद्दल तू नांदुऱ्यात सगळ्यांना काय सांगायचीस ते मला माहीत आहे. "आमची माला सरकारात हाय. कोनाचं डोस्कं खरं चाललं अन् कोनाचं उसनं, थे पायते." पेटंट परीक्षकाच्या कामाचं यापेक्षा चांगलं वर्णन मला आमच्या कार्यालयातही कुणी करून दाखवलेलं नाही. माझ्याकडे रसायनांचे अर्ज येतात. औषधं, खतं, डिंक, रंग. कुणी म्हणतं, मी लोखंडावर लावायचा नवा लेप शोधला, तो काही वर्षं माझ्याशिवाय कुणी बनवू नये. तो खरंच नवा आहे का, सहज कुणालाही सुचण्यासारखा तर नाही ना, हे मी तपासायचं. खुर्चीवर बसून, कागदावर. एवढंच.

आणि तू तिकडे कागदाशिवाय रंग बनवत होतीस.

भाऊजी पत्र्याच्या धान्यकोठ्या बनवायचे. रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं ते शेड, दिवसभर पत्रा ठोकल्याचा आवाज, आणि आत एका कोपऱ्यात तुझी शेगडी. कोठी वरून धड राहायची, पण बूड ओल्या जमिनीवर असायचं, दोन पावसाळ्यांत गंजायचं. बाजारातला रंग लावला तर पापुद्रे निघायचे. धान्याला वास लागतो म्हणून बायका त्याला नाकही मुरडायच्या. तू जवसाचं तेल उकळून बघितलंस. त्यात गेरू घातलास. मग पऱ्हाटीची राख. कापूस वेचून झाला की शेतात नुसती काटकं उरतात, ती जाळून केलेली. का घातलीस असं मी एकदा विचारलं, तर म्हणालीस, "ढीगभर पडून होती ना वं."

पहिला रंग पार फसला. वडनेरकडचा एक शेतकरी कोठी टेम्पोत घालून परत घेऊन आला. बुडाला हात लावून दाखवला, हाताला फेस. "बाई, तुमचा रंग हाय का साबन?" आधी तूच हसलीस, मग त्याला दुसरी कोठी दिलीस. भाऊजी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाहीत.

पुढचं तू मला इतक्या सहज सांगितलं होतंस की मला तेव्हा त्यातलं काही कळलंच नाही. राख कालवून कालवून भाऊजींच्या हाताची सालं निघत होती, म्हणून तू ती रात्रभर पाण्यात भिजवून, वरचं पाणी ओतून देऊन वापरायला लागलीस. नवऱ्याच्या हातांसाठी. आणि तो रंग टिकला. राखेतला खार पाण्यात निघून जातो, म्हणून तेलाचा साबण होत नाही, हे मी तुला एम.एस्सी. झाल्यावर मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं. तू शेंगा फोडत होतीस. म्हणालीस, "हे तं मले माईतच होतं. फक्त त्याले नाव नोतं माईत."

धुवायचं किती, राख किती, तेल कितपत आटवायचं, हे सगळं बसायला तुला नऊ वर्षं लागली. मधल्या काळात आई गेली, तुझ्या दोन्ही पोरींची लग्नं झाली, माझं शिक्षण झालं, तेही तुझ्याच घरी राहून. रंग जमला तेव्हा तू तो लगेच विकायला काढला नाहीस. अमडापूरला, आपल्या माहेरी, विहाराचा पत्रा गळत होता, गंजून लाल झाला होता. तू दोन डबे रंग आणि एक पोतं राख घेऊन गेलीस. शेवंतामावशी, तिच्या सुना, वस्तीतल्या आणखी पाचसहा बाया, सगळ्यांना अंगणात बसवून राख कशी धुवायची, तेल कसं शिजवायचं ते दाखवलंस. त्यांनी घोटलेल्या रंगानं त्यांनीच पत्रा रंगवला. तीन पावसाळे गेले तरी पत्र्याला काही झालं नाही. मग त्या बायांनी बचत गट काढला आणि कोठ्यांचा, कुलरच्या टाक्यांचा रंग करून विकायला लागल्या. तुला विचारलं त्यांनी, आम्ही विकू का म्हणून. तू म्हणालीस, "मंग कायले शिकवलं?"

पेटंटचं वानखडे सरांच्या डोक्यातून निघालं. नांदुऱ्याच्या कॉलेजात त्यांनी मला रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहेत. शेजारच्याच्या कोठीचं बूड बघून ते तुझ्या शेडवर आले होते. सगळा अर्ज त्यांनीच लिहिला, शुल्कही आग्रहानं त्यांनीच भरलं. तू मला फोन केलास, "माले, माया रंगाले पेटंट भेटीन का वं?" मी म्हटलं, मला त्यात पडता येणार नाही. ही माझी बहीण आहे असं मी कार्यालयात लिहून दिलं. फाइल दुसऱ्या परीक्षकाकडे, दुसऱ्या शहरात गेली. त्यांचं नावही मी विचारलं नाही. मला वाटलं, झालं माझं कर्तव्य.

तपासणीचा अहवाल आला तेव्हा मी उन्हाळ्याच्या सुटीत तुझ्याकडेच होते. दुपार होती. कुलर घरघरत होता. तू तो अहवाल प्लास्टिकच्या पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवलास. त्यातली तीनचार वाक्यं तू पेन्सिलनं अधोरेखित केली होतीस. सरांकडून अर्थ समजून घेऊन आली होतीस, तरी माझ्याकडून ऐकायचं होतं तुला.

"हे 'नुसतं मिश्रण' म्हन्जे काय वं?"

"म्हणजे चार गोष्टी एकत्र केल्या आणि प्रत्येकीनं आपापलं काम केलं, तर ते नुसतं मिश्रण. एकत्र आल्यामुळे काही तरी जास्तीचं घडलं पाहिजे."

"तुरीचं वरन बी मिश्रनच हाय. कर बरं तू मायासारखं."

भाऊजी हसले. मीही हसले. मग तू दुसऱ्या खुणेवर बोट ठेवलंस. या क्षेत्रातल्या सामान्य जाणकार माणसाला हे सहज सुचण्यासारखं आहे, असं तिथं लिहिलं होतं.

"हा मानूस कोन हाय?"

"तो खरा नसतो, अक्का. कायद्यानं कल्पना केलेली असते. रंगाच्या धंद्यातला, साधारण हुशार माणूस. त्याला सुचेल का, एवढं बघायचं."

"म्हन्जे मीच ना वं थो? मी रंगाच्या धंद्यात हाय. हुशार बी साधारनच हाय. मले नऊ वर्सं लागले सुचाले. मंग हे सहज काऊन म्हन्ते?"

या नोकरीत मी ते वाक्य शेकडो वेळा लिहिलं आहे आणि तो सामान्य जाणकार माणूस माझ्या डोळ्यांसमोर नेहमी एक शर्टपँट घातलेला, चष्मा लावलेला, वाचनालयात बसलेला माणूस असायचा. चोळीला राख लागलेली बाई कधीच नव्हती. हे मी तेव्हा कबूल करायला हवं होतं. केलं नाही. उलट जिथं माझी बाजू पक्की होती तिथं मी उडी मारली.

"ते जाऊ दे. खरी अडचण पुढची आहे. अर्ज करायच्या चार वर्षं आधी तू विहाराचा पत्रा रंगवलास. बायांना शिकवलंस. जे आधीच सगळ्यांसमोर आलं, ते कायद्याच्या दृष्टीनं नवं राहत नाही."

"पन मीच सांगतलं ना त्याईले! दुसऱ्यानं नाई."

"कुणी सांगितलं त्यानं फरक पडत नाही."

"म्हन्जे लपवून ठेवलं असतं तं भेटलं असतं?"

"कदाचित."

पदरानं मान पुसलीस. मग विचारलंस, आणि आवाज अगदी साधा होता तुझा, "माले, हे फाइल तुयापाशी असती तं तू देल्लं असतं का पेटंट?"

मी म्हटलं, "नाही."

एवढंच. नाही. एकच शब्द, अहवालात लिहितात तसा. तू उठलीस, चहा ठेवलास, आणि आतून विचारलंस की साखर नेहमीएवढी टाकू का, की आता शहरात कमी घेतेस. त्या विषयावर आपण नंतर बोललोच नाही. अहवालाला उत्तर द्यायची मुदत होती. सर तुझ्या मागे लागले होते, उत्तर देऊ, निदान आपलं म्हणणं मांडू. तू दिलं नाहीस. अर्ज आपोआप निकालात निघाला. सरांनी मला फोनवर सांगितलं की तू म्हणालीस, "मालानं नाई म्हटलं ना सर, मंग नाईच." हे वाक्य मी झोपेतसुद्धा ऐकते.

माझं उत्तर चूक नव्हतं. म्हणून तर ते इतकं टोचतं. चूक असतं तर तुझ्या पायावर डोकं ठेवून माफी मागितली असती.

त्यानंतर वर्षभरानं माझ्या टेबलावर एक अर्ज आला. एका मोठ्या रंगकंपनीचा. पत्र्याला गंजापासून वाचवणारा लेप: जवसाचं तेल, लोहयुक्त माती, आणि शेतातल्या काटकांची धुतलेली राख. मी तो दोनदा वाचला आणि उठून पाणी प्यायले. त्यांनी तुझ्याकडून चोरलं असं मी म्हणत नाही, कधी म्हटलंही नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत कुणी तरी प्रामाणिकपणे तिथं पोचलं असेल. पण तो अर्ज तुझ्या अर्जाच्या पाच महिने आधी दाखल झालेला होता. त्यामुळे तुझा कागद त्याच्या आड येत नव्हता. विहाराचा पत्रा मात्र त्याहून जुना होता, आणि पत्र्याबद्दल कुठं काही छापलेलं नव्हतं. कार्यालयात ते फक्त मला माहीत होतं. हे पेटंट मंजूर झालं असतं तर उद्या अमडापूरच्या बायांना त्यांच्याच अंगणात रंग घोटता आला नसता.

मी साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि फाइल माझ्याकडून काढून घेतली. म्हणाले, "अर्ज प्रसिद्ध झालेला आहे. कुणीही वाचू शकतं, कुणीही हरकत घेऊ शकतं. पण तुम्ही बहिणीला एक अक्षर सांगायचं नाही. हरकत तुमच्या सांगण्यावरून आली असं दिसलं, तर तिचंच नुकसान होईल." मी हो म्हटलं.

आणि मी पाळलं, अक्का. चार महिने. त्या चार महिन्यांत तू मला किती वेळा फोन केलास. एकदा लोणच्याचं विचारायला, एकदा तुझ्या धाकट्या लेकीला मुलगा झाला म्हणून. एकदा पोटात सारखं दुखतं म्हणालीस आणि मी म्हटलं, ॲसिडिटी असेल. प्रत्येक वेळी माझ्या जिभेवर ते होतं.

सरांनाच सापडलं शेवटी. ते पेटंटचं जर्नल अजूनही दर शुक्रवारी बघतात, सुटलेले जुने अंकही चाळतात, सवय लागली त्यांना. तुझा फोन आला.

"तुले माईत होतं का?"

"हो."

"कवापासून?"

"चार महिने."

मागे पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता. मग म्हणालीस, "बरं," आणि फोन ठेवलास. ते बरं कसलं होतं, रागाचं की समजुतीचं, हे मी तुला विचारायचं ठरवलं होतं. अकोल्याच्या दवाखान्यात तुझ्या उशाशी आठवडाभर बसले, तरी विचारलं नाही. तोवर पोटातल्या गाठीचं नाव आपल्याला कळलेलं होतं आणि दुसरं काही बोलणं लहान वाटत होतं.

हरकत तू घेतलीस. सरांनी लिहिली, पण अमडापूरला तू स्वतः गेलीस, केमोचा एक फेरा झालेला असताना, डोक्याला रुमाल बांधून. दहा बायांची शपथपत्रं घेतलीस. विहाराच्या दानफलकाचा फोटो काढलास, ज्यावर पत्रा रंगवल्याचं साल लिहिलेलं आहे. सुनावणी सरांच्या घरून, संगणकावर झाली. मी नव्हते, मला असता आलं नसतं. सरांनी सांगितलं तेवढंच मला माहीत. समोरच्या वकिलानं विचारलं म्हणे, बाई, तुमचा स्वतःचा अर्ज तर तुम्ही सोडून दिलात, मग आता तुम्हाला यातून काय मिळणार आहे? तू म्हणालीस, "मले काई नाई पायजे, साहेब. आमच्या बाया रंग घोटतात. त्याईले कोनाची नोटीस नाई आली पायजे." मग तू थोडा वेळ खुर्चीत मान टाकून बसलीस आणि सरांनी संगणक बंद केला.

निकाल आला तेव्हा तू जाऊन अकरा दिवस झाले होते. कंपनीचा अर्ज नामंजूर. कारण, हा लेप अर्जाच्या आधीपासून अमडापूर इथं लोकांना माहीत होता आणि उघडपणे वापरात होता. मी तो आदेश कार्यालयात उभ्यानं वाचला. तुझं नाव त्यात सतरा वेळा आहे. सगळीकडे हरकतदार म्हणून. हा लेप शोधला कुणी, हे कुठंच नाही. आदेशाला त्याची गरज नव्हती. माहीत होता, एवढं पुरेसं होतं. ज्या गोष्टीनं तुझा हक्क गेला, तिनंच सगळ्यांचा राखला, असं सर म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मला त्यातून समाधान मिळायला हवं. थोडं मिळतंही. मग तुझी पेन्सिलची खूण आठवते.

त्या दुपारी तू मला खरं म्हणजे दोन गोष्टी विचारल्या होत्यास. पेटंट मिळेल का, आणि मी काही नवं केलं का. दुसरा प्रश्न तू शब्दांत विचारला नाहीस; परीक्षकाला कळायला हवा होता, बहिणीला तर नक्कीच. मी पहिल्याचं उत्तर देऊन मोकळी झाले. तर ऐक. नवं केलंस. तुझ्या आधी हे कुणी केल्याचं मला जगात कुठं सापडलेलं नाही, आणि मी शोधलं आहे, तू गेल्यावर, घरी बसून, जसं नोकरीत शोधते तसं. तुझ्या आधीचं सगळ्यात जवळचं जे सापडलं त्यात राख न धुताच घातली होती. हाताला फेस दाखवणारा तो वडनेरवाला त्यांनाही भेटला असणार.

हे मी तुला जिवंतपणी सांगू शकले असते. नियमात त्याला बंदी नव्हती.

गेल्या रविवारी नांदुऱ्याला गेले, सुटी काढून चार दिवस राहिले. भाऊजी शेडमध्ये बसून होते. चार कोठ्या ठोकून तयार, रंगाशिवाय. म्हणाले, "माले, मले पत्रा ठोकता येते. राख कालवून देल्ली, पन पुरा रंग मी कवा केला नाई वं. तूच पाय आता." मी तुझा अर्ज बरोबर घेऊन गेले होते. सरांनी लिहिलेला, प्रमाणं, वेळा, तापमान सगळं असलेला. असे हजारो अर्ज मी वाचले, मंजूर केले, फेटाळले. त्यातला एकही रंग मी माझ्या हातानं कधी केला नव्हता.

लिहिलं होतं तशी राख चार वेळा धुतली. पाणी अगदी नितळ दिसत होतं. वाळवून तेलात घातली आणि ढवळलं, तर कडेनं फेस. भाऊजींनी पाहिलं आणि ते बाहेर जाऊन बसले. मी पातेल्यापाशी उकिडवी बसून रडले, तू गेल्यापासून पहिल्यांदा.

मग शेवंतामावशीला फोन लावला.

"पान्याकडे पाहू नको वं," ती म्हणाली. "पानी निवळ दिसते, थे खोटं असते. राख दोन बोटात घे अन् घास. घसरते का?"

"घसरते."

"मंग धू अजून."

फोन ठेवला आणि उरलेली, चारदा धुतलेली राख घेतली. पाचव्यांदा धुतली, घसरत होती. सहाव्यांदा धुतली, घसरत होती. सातव्यांदा बोटं एकमेकांवर अडली, कोरड्या खडूसारखी. मावशीला पुन्हा फोन लावला.

"अडले बोटं?"

"हाव, मावशी."

"अक्कानं सांगतलं नोतं का तुले हे?"

नाही सांगितलंस. अर्जातही नाही. सरांना सुचलं नसेल, तुला लिहिण्यासारखं वाटलं नसेल. मी तुझ्या घरी राहून एम.एस्सी. केलं, रंगाचं रसायनशास्त्र तुला ऐटीत समजावलं, तुझा रंग नवा नाही हेही सांगितलं. तो करायचा कसा, हे मात्र एकदाही विचारलं नाही.

दोन कोठ्या रंगवून झाल्या आहेत. भाऊजींनी बुडावर हात फिरवून बघितला आणि मान हलवली. उरलेल्या दोन मी पुढच्या रविवारी येऊन रंगवणार आहे.

तुझी,
माला